काकडीच्या बरणीत जस्त

तळघरात व्हिनेगरचा वास सुटला की
हावेलकोवाबाई जिन्यातूनच विचारतात,
"वेंदुला, यंदा किती बरण्या?"
मी म्हणते, दोन.
एकीत नट, एकीत बोल्ट.

बरणी खरंच काकडीची आहे.
शेपूची एक काडी बुडाशी चिकटली होती,
ती काढण्यात अर्धा तास गेला.
इथे मळ चालत नाही. बोटाचा साधा ठसाही नाही.
जिथे हात लागला तिथे जस्त बसत नाही,
आणि मग कायमचं दिसत राहतं
कुणी धरलं होतं, कुठे.

आधी तारेचा ब्रश. मग सोडा. मग आम्ल, मोजून दोन मिनिटं.
मग नळाखाली धरायचं आणि बघायचं :
पाणी थेंबाथेंबांत फुटलं, तर परत पहिल्यापासून.
एका पडद्यासारखं ओघळलं, तर
लोखंड तयार आहे.
हे बाबांनी शिकवलं.
मी नऊ वर्षांची होते, आणि हातात मोटरसायकल नव्हती, चमचा होता.

बाबा स्त्राकोनिट्सेच्या कारखान्यात, क्रोमच्या हौदावर.
सव्वीस वर्षं.
टाकीत आपलं तोंड दिसावं अशा गाड्या
ओळीनं बाहेर पडायच्या, आणि हौदाची वाफ
त्यांच्या नाकातला पडदा कुरतडत राहायची.
शेवटी आरपार भोक.
त्यांना कशाचाच वास यायचा नाही,
करपलेल्या केकचा नाही,
माझ्या पहिल्या सिगारेटचा नाही
(तेवढा एक फायदा).

म्हणून क्रोम मी घरी करत नाही.
सायलेन्सर पीसेकच्या एका पोराकडे देते,
मास्क लावतोस ना, विचारते.
तो हसतो.
बाबाही असेच हसायचे.

माझं आपलं जस्त. गरिबाचा धातू.
छपराच्या जुन्या पन्हळीचा तुकडा, बॅटरीचा चार्जर,
अधिक पन्हळीला, उणे बोल्टला,
मूठभर एप्सम मीठ, चमचाभर साखर.
साखर कशाला ते मला आजही नीट कळलेलं नाही.
बाबा घालायचे.

करंट वाढवला की काळं भुसभुशीत पीठ चढतं.
पुसलं की बोटावर येतं, खाली तेच उघडं लोखंड.
कमी ठेवला तर वीस मिनिटांत
दुधट राखाडी रंग, पहाटेच्या ओतावा नदीसारखा.
नंतर गंज येईल तेव्हा आधी जस्त झिजेल,
लोखंडाच्या वाटणीचं ते खाऊन घेईल.
कुणी सांगितलेलं नसतं त्याला.

रात्री बोल्ट ओव्हनमध्ये. दोनशे अंश, चार तास.
आत शिरलेला वायू तापवून काढला नाही
तर पोलाद वरून ठणठणीत दिसतं
आणि एक दिवस भर रस्त्यात, काही कारण नसताना, कट्.
मातेय येऊन विचारतो, आई, आत काय आहे?
मी म्हटलं, आजोबा.
त्याला ते आवडलं नाही. नंतर मलाही.

ब्रेकचं पेडल एका बाजूनं झिजलंय.
उजव्या बुटाची टाच ते तिरकी टेकवायचे.
मला वाटलं होतं, जस्त चढलं की दिसणार नाही.
पण मुलामा खड्डा भरत नाही.
गंजाखाली जे कळतसुद्धा नव्हतं
ते आता उजेडात धरलं की
टाचेच्या मापासकट दिसतं.

शेवटी राहिली बॅटरीची पट्टी.
सीटखालची, पंचेचाळीस वर्षं कुणी न उघडलेली.
तिच्या आतल्या अंगाला तांबूस लंबगोल डाग होता,
अंगठ्याएवढा. बारीक रेघाही असाव्यात.
असाव्यात, कारण मला हे सुचलं तेव्हा
पट्टी आम्लात होती,
आणि दोन मिनिटं होऊन गेली होती.

नळाखाली धरली.
पाणी कुठेच फुटलं नाही.

मग तांब्याची तार गुंडाळली.
अधिक, उणे. दोनदा तपासलं.
वर हावेलकोवाबाईंचं दार वाजलं,
आणि मी बरणीवर झाकण ठेवलं,
अर्धवटच, वाफ कोंडू नये म्हणून.